तयार फोटो की आपले फोटो: कोकणातल्या धंद्यांसाठी दोन्ही सेवांची पारख

दर मार्चमध्ये हापूस विकणाऱ्या नव्या वेबसाइटी उगवतात आणि त्यातल्या कित्येकींवर पहिलाच फोटो लालचुटुक गालाच्या आंब्याचा असतो. तो आंबा बहुतेक वेळा टॉमी अ‍ॅटकिन्स असतो, म्हणजे फ्लोरिडात निपजलेली, जगभर निर्यात होणारी, दोरेदार गराची जात. हापूसला उन्हाच्या बाजूने देठापाशी हलकी लाली येते, ती वेगळी. अर्धं फळ लाल आणि अर्धं हिरवं असलेला आंबा दाखवून ‘अस्सल देवगड’ लिहिलं की पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक हसतं आणि पुढच्या बागायतदाराकडे जातं. ज्याची बाग खरंच देवगडात आहे, ज्याच्याकडे हापूसला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता क्रमांकही आहे, त्याचं या एका फोटोने होणारं नुकसान जास्त वाईट.

इथे पारख दोन सेवांची आहे. एक, शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक यांसारखे पैसे देऊन घ्यायचे तयार फोटो आणि अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांच्याकडचे फुकट फोटो. दोन, आपल्या जागी फोटोग्राफर बोलावून काढून घेतलेले फोटो. मोजमाप एकच ठेवलं आहे: कोकणातला आंबेवाला, खानावळवाला, होमस्टेवाला किंवा कोकम-काजूचा छोटा कारखानदार यांना त्याचा उपयोग काय.

तयार फोटोंचं काय

तांत्रिक दर्जात तयार फोटोंना नाव ठेवायला जागा नाही. उजेड चोख, फाइल मोठी, मिनिटात हातात. अडचण अशी की कोकण तिथे फार थोडं आहे आणि जे आहे त्यावरची नावं ज्याने फोटो चढवला त्याने दिलेली आहेत. ‘अल्फान्सो’ लिहून शोधलं तर त्यात लांबट पिवळे थाई आंबेही सापडतात. ‘इंडियन फिश करी’ लिहिलं की मातीच्या भांड्यातली, वर कढीपत्ता तरंगणारी केरळी मीन करी येते. ओल्या खोबऱ्याच्या वाटपाची, तिरफळ ठेचून घातलेली आमटी शोधून दमायला होतं. सोलकढीच्या नावाखाली स्ट्रॉबेरी मिल्कशेक वाटावा असा, पुदिन्याचा तुरा खोवलेला उंच ग्लास येतो. समुद्रकिनारा मागितला तर हिरवट निळं पाणी, पाण्यातून सरळ वर उठलेले चुनखडीचे सुळके आणि लांब शेपटाच्या थाई होड्या. आपला कातळ जांभा आणि बेसॉल्टचा. रत्नागिरीच्या मांडवीची वाळू काळी, दापोलीजवळच्या लाडघरची तांबूस, तारकर्लीची पांढरी. अलिबागच्या रिसॉर्टने मालदीवची वाळू लावली की पाहुणा गाडीतून उतरताच फसवणूक मोजायला लागतो.

परवान्याच्या बाबतीत मात्र बहुतेक जण आंधळेपणाने चालतात, म्हणून थोडं थांबू.

‘एडिटोरियल’ असा शिक्का असलेला फोटो बातमीत किंवा माहितीपर लेखात चालतो, जाहिरातीत चालत नाही. किल्ले, देवळं, बंदरावरची गर्दी, ओळखू येणारे चेहरे यांचे फोटो पुष्कळदा याच शिक्क्याचे असतात. ते हॉटेलच्या माहितीपत्रकावर छापले की परवाना मोडला. शटरस्टॉकच्या साध्या परवान्यात छपाईची मर्यादा ५ लाख प्रतींची आहे. आंब्याच्या पेट्यांना ती पुरून उरते, पण फोटो हाच ज्या वस्तूचा जीव आहे अशी विक्रीची कॅलेंडरं किंवा टी-शर्ट काढायचे तर वरचा परवाना लागतो. तयार फोटो आपल्या बोधचिन्हात किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरायला या मोठ्या कंपन्यांचा साधा परवाना परवानगी देत नाही. ब्रँडच्या शिक्क्यात विकतचा आंबा बसवलेले किती तरी स्टिकर रस्त्याकडेच्या स्टॉलवर दिसतात, तो सगळा कच्चा पाया. फुकट साइटींवर फोटोतल्या माणसाची लेखी संमती असेलच याची हमी कोणी घेत नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट: हा परवाना एकट्याला मिळत नाही. तोच आंबा शेजारच्या गावातल्या स्पर्धकाच्या पेटीवर उद्या दिसू शकतो, त्याने तो रीतसर पैसे देऊन घेतलेला असतो आणि तुम्हाला तक्रारीला जागा नसते.

गूगलवर शोधून उजवं बटण दाबून उतरवलेला फोटो या हिशेबात धरलेलाच नाही. तो चोरीचा असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये त्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. उलट्या फोटोशोधाने (फोटो टाकून तो कुठे कुठे लागला आहे ते शोधून) मूळ मालकाला असा वापर हुडकणं आता अवघड राहिलेलं नाही. गिऱ्हाईकही गूगल लेन्स लावून तोच ‘समुद्राकडे उघडणारा झोपाळा’ बालीतल्या हॉटेलच्या पानावर शोधून काढतं.

गुण द्यायचे तर आंबा, जेवण आणि राहण्याची सोय यांसाठी तयार फोटोंना पाचापैकी एक. लेखाच्या मागची लाकडाची पोत, पावसाचे थेंब, केळीचं पान, दिवाळीची पणती अशा भरतीच्या कामाला चार. एआयने बनवलेल्या चित्रांना आंबा-जेवणाच्या बाबतीत शून्य. दिसायला कितीही देखणी असली तरी ती तुमच्या मालाची नाहीत, आणि एकाच देठाला पाच आंबे चिकटलेले बागायतदाराने आपल्या पानावर लावावेत हे बघवत नाही.

आंब्याचा फोटो

काढून घेतलेल्या फोटोचा खरा कस इथे लागतो. झाडावरून उतरवलेला हापूस हिरवट असतो आणि पेंढ्यात आठ-दहा दिवसांत रंग धरतो. फोटोला हवा तो केशरी-पिवळा रंग एखाद-दोन दिवसच टिकतो, मग सुरकुती येते. म्हणून शूटच्या तारखेला एकच पेटी ठेवून भागत नाही. दहा दिवस आधी, पाच दिवस आधी आणि आदल्या दिवशी उतरवलेल्या अशा तीन पेट्या हाताशी हव्यात. त्यामुळे कच्चा, अर्धा पिकलेला, पिकलेला असे टप्पेही एका बैठकीत मिळतात आणि ‘घरी आल्यावर कधी खायचा’ हे गिऱ्हाइकाला दाखवायची सोय होते. दर मोसमात याच प्रश्नाचे सगळ्यात जास्त फोन येतात.

फळं निवडताना चीक सांडून पडलेले काळे डाग असलेली बाजूला काढावीत, पण सालीवरचे बारीक ठिपके घालवायला सांगू नये. ते ठिपके गुळगुळीत केले की आंबा मेणाचा दिसतो. तेलाचा हात फिरवून चमक आणणं हीही तीच चूक. हापूसच्या सालीला मऊ, मंद तकाकी असते, सफरचंदासारखी नसते. कापलेला आंबा घ्यायचा तर फोटोग्राफरचा कॅमेरा, उजेड, ताटली सगळं तयार झाल्यावरच सुरी लावावी. दहा-पंधरा मिनिटांत कडा सुकतात आणि गर मंद पडतो. स्टेनलेस स्टीलची धारदार सुरी, एका झटक्यात काप, आणि चार-पाच फळं जास्तीची, कारण बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका (गरातला खराब, पांढुरका भाग) निघाला तर तो फोटो गेला.

रंगाची गडबड ट्यूबलाइटमुळे होते. खिडकीचा दिवसाचा उजेड आणि वरची ट्यूब एकत्र आले की आंब्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी हिरवट येते आणि ती नंतर कॉम्प्युटरवर नीट होत नाही. दिवे बंद करावेत, एकच उजेड ठेवावा आणि पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड (ग्रे कार्ड) धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे येण्याचं माप, बांधून घ्यावा. फोटोग्राफरला ‘ग्रे कार्ड आणता का?’ एवढंच विचारा. उत्तरावरून बरंच कळतं.

पेटी दाखवायची तर दोन्ही थर दाखवा. वरचा थर मोठ्या फळांचा आणि खालचा बारक्यांचा हा अनुभव गिऱ्हाइकाने कुठे ना कुठे घेतलेला असतो. वरचा थर आणि पेंढा अर्धा बाजूला करून खालची ओळ दिसणारा एक फोटो दहा ओळींच्या खात्रीपेक्षा जास्त काम करतो. मापासाठी फळाशेजारी हात हवा. चार डझनाच्या पेटीतलं फळ आणि सहा डझनाच्या पेटीतलं फळ यांतला फरक हातामुळे लगेच कळतो.

छपाईचं एक. पडद्यावर दिसणारा हापूसचा केशरी सीएमवायके म्हणजे चार शाईंच्या छपाईत मळकट होतो, कारण तो रंग शाईच्या आवाक्यात पूर्ण येत नाही. पेटी छापण्याआधी त्याच कागदावर एक नमुना काढून घ्यावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो, म्हणजे ३०० डीपीआयने साधारण २० बाय १३ इंच, पेटीला भरपूर. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की दबून लहान होतो आणि छापखान्यात फुटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

ताट

मालवणी ताटाचा फोटो काढणं दिसतं तेवढं सोपं नाही, कारण ताट स्टीलचं असतं आणि त्यातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या घाईत असतो.

स्टील आरशासारखं वागतं. फोटोग्राफरचा निळा शर्ट, छताचे पत्रे, शेजारची प्लास्टिकची खुर्ची, सगळं वाटीच्या कडेवर दिसतं. पोलरायझर फिल्टर लावून हे जाईल असं समजणारे भेटतात. तो केळीच्या पानावरची आणि रश्शावरची चमक कमी करतो, उघड्या धातूवरची करत नाही. उपाय साधा आहे. खिडकी किंवा पडवीच्या बाजूला पांढरं मलमल ताणायचं, म्हणजे स्टीलमध्ये तीच पांढरी पाटी दिसते, आणि फोटोग्राफरने काळा किंवा राखाडी शर्ट घालायचा. समोरच्या बाजूने पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा) धरला की वाट्यांच्या आतल्या सावल्या उघडतात. सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी साडेतीननंतरचा पडवीतला उजेड याला उत्तम.

कॅमेरा तिपाईवर, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १०० ते ४००, लेन्सचं छिद्र एफ ५.६ ते ८ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि जास्त भाग स्पष्ट). लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना एफ १.८ ची सवय असते. त्यात एक कोळंबी स्पष्ट येते आणि सोलकढीपासून भातापर्यंत बाकी सगळं धुक्यात जातं. पूर्ण ताट दाखवायचं तर अगदी वरून, आणि सुरमईची तुकडी किंवा फुगलेला वडा दाखवायचा तर ४५ अंशांच्या खाली उतरून.

आधी रिकामं ताट, वाट्या, पाण्याचा तांब्या मांडून चौकट आणि उजेड पक्के करायचे. मग लोणचं आणि कोशिंबीर, त्यानंतर भात, त्यानंतर आमटी. तळलेली तुकडी शेवटी, आणि ती तव्यावरून थेट. रव्याचं आवरण पाच-सात मिनिटांत नरम पडतं, तेव्हा दोन तुकड्या जास्तीच्या तळून ठेवण्यापेक्षा दोन तुकड्या कच्च्या मसाला लावून ठेवाव्यात. कोंबडी-वड्यातला वडा त्याहून घाईचा. दोन-तीन मिनिटांत बसतो. वडा असेल तर आमटी आधी वाढून तयार ठेवायची आणि वडा कढईतून ताटात, ताटातून फोटोत. आमटीवर साय धरली तर कडेने एक पळी गरम आमटी फिरवावी. सोलकढी उभी राहिली की खाली आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि वर नारळाचं दूध असे थर होतात, फोटोआधी ढवळायची. फोटोत गडद दिसावी म्हणून आगळ वाढवायचं नाही. आंबट होते हे एक, आणि रोजची सोलकढी फिकट निघाली की गिऱ्हाईक पाणी घातल्याचा संशय घेतं हे दुसरं.

उकडीच्या मोदकाची पारी गरम असताना चमकते आणि पंधरा मिनिटांत कोरडी पडून तडकते. तुपाचं बोट फिरवलं की काम होतं, मोदकावर तूप असतंच. वाफ दिसावी असं वाटत असेल तर मागे गडद भिंत आणि उजेड मागून हवा. समोरून फ्लॅश मारला की वाफ नाहीशी.

यात एक गोष्ट सांभाळायची: ताटात तेच आणि तेवढंच, जे रोज वाढलं जातं. दोन तुकड्यांचं ताट विकत असाल तर फोटोत तीन नकोत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. खानावळीपर्यंत ते येईल न येईल. गूगलवरचा एक तारा त्याच संध्याकाळी येतो.

कोकम सरबत, आगळ, लोणची यांच्या बाटल्यांचं वेगळं तंत्र आहे. आगळ समोरून काढलं की काळं दिसतं. बाटलीच्या मागे, बाटलीच्याच आकाराचा कापलेला पांढरा कागद थोडा तिरका उभा करून त्यावर उजेड पाडला की रंग माणकासारखा उघडतो. दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या ठेवल्या तर काचेची कड ठसठशीत येते, आणि समोरून हलका सनबोर्ड म्हणजे लेबल वाचता येईल. अ‍ॅमेझॉनवर विकायचं असेल तर मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा आणि मोठं करून बघता यावं म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेलची हवी. तिथे जांभ्याच्या पायरीवर, नारळाच्या झावळीशेजारी काढलेला देखणा फोटो पहिला म्हणून लावता येत नाही, तो दुसरा-तिसरा.

खोली, अंगण आणि किती जवळ आहे समुद्र

होमस्टेच्या फोटोंत दोन खोटं बोलण्याच्या जागा आहेत आणि दोन्ही लेन्सच्या. १४-१६ मिमीच्या रुंद लेन्सने दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयाएवढी होते. २०० मिमीच्या लांब लेन्सने पाचशे मीटरवरचा समुद्र अंगणात येतो. फोटोग्राफरला आधीच सांगावं: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० ते २४ मिमीपेक्षा रुंद नको, आणि समुद्राचा फोटो घराच्या अंगणातून साध्या डोळ्याला दिसतो तसाच. समुद्र दिसत नसेल तर वाट दाखवा. सुपारीच्या वाडीतून जाणारी पायवाट कोणाला आवडत नाही?

जुन्या कौलारू घरात खिडक्या लहान आणि भिंती जाड चिऱ्याच्या. आत अंधार, बाहेर लख्ख. एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. आतलं दिसलं तर खिडकी पांढरीफट्ट. तिपाईवरून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन ते पाच फोटो घेऊन ते जोडतात, त्याला ब्रॅकेटिंग म्हणतात. हे न करणारा फोटोग्राफर आत फ्लॅश मारतो आणि माजघर पोलीस पंचनाम्यातलं वाटतं. कॅमेरा जमिनीपासून १.१ ते १.३ मीटर, भिंतींच्या उभ्या कडा सरळ. चादरीला इस्त्री, टीव्हीच्या वायरी मागे, कचऱ्याचा डबा बाहेर.

बाहेरून घर काढायला सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सोन्याची. आकाश निळं, आत दिवे पिवळे. पश्चिमेकडे तोंड असलेलं घर दुपारनंतर उजळतं, सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो. समुद्राचं पाणी निळं हवं तर सकाळी, सूर्य सह्याद्रीकडून पाठीवर असताना. संध्याकाळी फक्त सोनेरी चकाकी मिळते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघावं. ओहोटीला पुळण (वाळूचा पट्टा) रुंद आणि ओली, भरतीला काही किनाऱ्यांवर उभं राहायला वाळूच उरत नाही, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला.

न्हाणीघर, गाडी लावायची जागा, घरापर्यंतचा शेवटचा रस्ता आणि पायऱ्या यांचे फोटो हवेतच. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारा माणूस झोपाळ्याआधी पायऱ्या मोजतो.

एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम अंगणात आणला की लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास बॅगेतच ठेवून बाहेर काढावा. किनाऱ्यावरचा खारा थर कोरड्या फडक्याने पुसला तर काचेवर ओरखडे. आधी फुंकणीने उडवायचं, मग ओलसर कापडाने. कोकणातला फोटोग्राफर हे जाणतो, बाहेरून येणाऱ्याला सांगावं लागतं.

तारीख कोणती

एकाच दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरला की शूट फसतं. कोकणातला माल आणि कोकणाचा देखावा वर्षभर बदलतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हवा स्वच्छ, समुद्र निळा, कलमांवर मोहोर. घर, किनारा आणि बाग तेव्हा काढावी. एप्रिलच्या शेवटी आंबा, काजूची बोंडं, फणस, रातांबे (कोकमाची फळं) आणि त्यांची उन्हात वाळत घातलेली सोलं. हे फोटो पुढच्या वर्षीच्या जानेवारीत वेबसाइटवर लागणार, कारण पेटीची आगाऊ नोंदणी सुरू होते तेव्हा झाडावर फळ तयार नसतं. तिसरी खेप ऑगस्टच्या मध्याला किंवा सप्टेंबरात: भाताची हिरवी खाचरं, सड्यावरची म्हणजे कातळाच्या पठारावरची फुलं. मासळीचे फोटो जून-जुलैत ठेवू नयेत. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; ताज्या पापलेटांची टोपली तेव्हा दाखवायची तर ती बर्फातली निघते आणि डोळे पांढरे झालेले मासे फोटोत लपत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर बघावं.

तीन अर्धे दिवस एका पूर्ण दिवसापेक्षा महाग पडतात हे खरं. पण पावसातलं घर न दाखवणारा होमस्टे जुलैत रिकामा राहतो, हाही हिशेबच आहे.

कागद

फोटोग्राफर निवडताना त्याचे निवडक दहा फोटो बघून ठरवू नये. एका घराच्या किंवा एका खानावळीच्या कामाचे सगळे दिलेले फोटो मागावेत. चाळीसातले पस्तीस बरे असतील तर माणूस कामाचा.

दर दिवसाचा, अर्ध्या दिवसाचा किंवा फोटोमागे असतो. आंबा आणि ताट यांना फोटोमागे दर घेणारा घाई करतो. अर्ध्या दिवसाचा दर ठरवून पंधरा-वीस फोटोंची यादी देणं बरं. प्रवास, मदतनीस, पावसामुळे पुन्हा येणं, एडिटिंगच्या किती फेऱ्या, फाइली किती दिवसांत, तो त्या किती काळ जपून ठेवणार, हे लिहून घ्यावं. नोंदणी असलेल्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो, तो आधी विचारावा.

हक्कांविषयी एक गैरसमज दोन्ही बाजूंना आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. ‘वेगळा करार नसेल’ हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळ फोटोग्राफरांच्या कोटेशनच्या तळाशी ‘सर्व हक्क आमच्याकडे’ अशी ओळ असते आणि त्या कोटेशनला होकार दिला की तोच वेगळा करार ठरू शकतो. ती ओळ खोडून घ्या किंवा कुठे, किती वर्षं वापरणार ते लिहा. हक्क तुमच्या नावे लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत; आखाती देशांत आंबा पाठवणाऱ्यांनी इथे चुकू नये. फोटोग्राफरला आपल्या नमुन्यांत ते फोटो दाखवू द्यायला हरकत नसावी, पण ते फोटो तो स्टॉक साइटवर विकणार नाही एवढं लिहून हवं. नाहीतर तुमचीच बाग चार वर्षांनी दुसऱ्याच्या पेटीवर.

आंबे उतरवणारे गडी, मासे विकणारी मावशी, पाहुणे, मुलं, सगळ्यांची लेखी संमती त्याच दिवशी घ्यावी, मराठीत, दोन ओळींची. ज्यांच्या चेहऱ्यावर जाहिरात चालणार त्यांना त्या दिवसाचा रोज द्यावा. मासळी बाजारात न विचारता कॅमेरा रोखला तर मावशी जे सुनावते ते रास्तच असतं.

गुण: यादी, तारीख आणि कागद सांभाळून केलेल्या शूटला पाचापैकी साडेचार. अर्धा गुण खर्चाचा कापला. यातलं काही न सांभाळता ‘ये रे, दोन-चार फोटो काढ’ म्हणून केलेल्या शूटला दोन; त्यापेक्षा स्वतःचा मोबाइल बरा. रोजच्या मासळीचा फळा, आज रवाना झालेल्या पेट्या, उमललेला चाफा यांना मोबाइलच योग्य. फक्त लेन्सवरचा घामट हाताचा डाग पुसा, ०.५ ची रुंद लेन्स टाळा, आणि फिल्टर नको.

गूगलच्या व्यवसाय पानावर जेपीईजी किंवा पीएनजी, ५ एमबीपर्यंत, ७२० बाय ७२० पिक्सेल किंवा मोठे फोटो चालतात आणि ते प्रत्यक्षाशी जुळावेत अशी तिथली अट आहे. फाइली एसआरजीबी या रंगपद्धतीतच घ्या. अडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीतला आंबा पुष्कळ फोनवर फिका पडतो. फाइलच्या नावात खोलीचं नाव, वर्ष आणि महिना टाका. भिंतीचा रंग बदलला, नारळ वादळात पडला, ताटातली एक वाटी कमी झाली, की त्या नावाचे सगळे फोटो शोधून त्याच दिवशी उतरवता येतात.